फोटो धूसर असतो तेव्हा नेमकं काय धूसर असतं?

"मामा, ब्लर येऊनच नाही राहिला ना!" नागपुरात नवा कॅमेरा घेतलेल्या बहुतेक पोट्ट्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं आहे. पन्नास एमएमची एफ/१.८ लेन्स घेतलेली असते, व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडलेलं असतं, आणि तरी मागच्या भिंतीवरचं 'येथे वाहने लावू नये' फोटोत स्वच्छ वाचता येतं. याच्या उलट काही मंडळींचे सगळेच फोटो पुसट येतात आणि ते त्याला 'ड्रीमी' म्हणून मोकळे होतात.

दोघांचीही गडबड एकाच ठिकाणी होते. धूसरपणा ही एकच गोष्ट आहे असं ते धरून चालतात. फोटोत मऊपणा येण्याच्या वाटा निदान चार आहेत. एखादी वस्तू फोकसच्या बाहेर असते, किंवा लेन्समध्येच थोडा प्रकाश विखुरतो, किंवा मधली हवा आड येते, किंवा काहीतरी हलतं. स्क्रीनवर चारही 'ब्लर'च दिसतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि म्हणून उपायही वेगळे. पहिल्या वाटेवर जरा जास्त वेळ घालवू, कारण लोकांचे पैसे तिथेच खर्च होतात.

लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याला, त्या आकड्याने भागलं की छिद्राची रुंदी मिळते. ५० ला १.८ ने भागा, आले सुमारे २८ मिलिमीटर. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची 'किट' लेन्स ५५ वर नेली तर तिथे ॲपर्चर ५.६ पर्यंतच उघडतं, म्हणजे छिद्र जेमतेम १० मिमी. ८५ एमएम एफ/१.८ चं ४७ मिमी. लग्नाचे फोटोग्राफर जी पांढरी, जडशीळ ७०-२०० घेऊन फिरतात तिचं २०० वर एफ/२.८ ला ७१ मिमी. आणि खिशातल्या मोबाइलचं? जाहिरातीत त्याची लेन्स २४ किंवा २६ एमएमची म्हणून सांगतात, पण तो आकडा मोठ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) हिशोबातला असतो. खरी फोकल लेंथ सातेक मिलिमीटर, म्हणजे छिद्र ४ मिमीच्या आतच.

हे मिलिमीटर मोजायचे कशासाठी, तर पुढचा नियम त्यांच्यावर उभा आहे. समजा तुम्ही मैत्रिणीच्या चेहऱ्यावर फोकस केलाय आणि पार मागे, शंभरेक मीटरवर, रस्त्यावरचा एक दिवा आहे. त्या दिव्याचा जो प्रकाश लेन्समध्ये शिरतो त्याचा झोत छिद्राइतकाच रुंद असतो, आणि दिवा इतका लांब असल्यामुळे चेहऱ्याजवळून जातानाही तो जवळपास तेवढाच रुंद असतो. म्हणून फोटोत तो दिवा ठिपका न राहता चकती होतो, आणि चेहऱ्याच्या मापाने पाहिलं तर ती चकती छिद्राच्या रुंदीची असते. माणसाचा चेहरा साधारण १५ सेंमी रुंद. पन्नासच्या एफ/१.८ वर मागचा दिवा २८ मिमीचा, म्हणजे चेहऱ्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतका. किटच्या लेन्सवर तोच दिवा १० मिमी, पंधरावा हिस्सा. तुम्ही मागे सरकलात तर चेहरा लहान होतो आणि चकतीही त्याच प्रमाणात लहान होते. दोघांचं प्रमाण तेच राहतं.

यातून एक वाद परस्पर मिटतो. 'फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतल्याशिवाय ब्लर नाही' असं दुकानात ठासून सांगतात. पण तीच लेन्स, तेच छिद्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावलं, तरी लांबच्या दिव्याची चकती चेहऱ्याच्या तुलनेत तेवढीच येते. फरक एवढाच की लहान सेन्सरवर चेहरा चौकटीत बसवायला मागे सरकावं लागतं. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा असा की तेवढंच दृश्य घ्यायला तिथे लांब फोकल लेंथ वापरता येते, आणि तिचं छिद्र मोठं असतं. फिरून गोष्ट छिद्रावरच येते.

आता त्या भिंतीकडे वळू. वरचा हिशोब पार्श्वभूमी खूप लांब असेल तेव्हाचा. ती जवळ असेल तर चकती आक्रसते, आणि किती आक्रसते ते तोंडी काढता येतं: विषय आणि पार्श्वभूमी यांच्यातलं अंतर भागिले कॅमेरा आणि पार्श्वभूमी यांच्यातलं अंतर. माणूस २ मीटरवर आणि भिंत अडीच मीटरवर असेल तर अर्धा भागिले अडीच, म्हणजे फक्त २० टक्के. २८ मिमीपैकी साडेपाच मिमीच पदरात पडतात, आणि भिंतीवरची मोठी अक्षरं वाचता येतात. हीच भिंत ४ मीटरवर असेल तर ५० टक्के, ८ मीटरवर ७५, २० मीटरवर ९०. सुरुवातीच्या काही पावलांतच बहुतेक कमाई होऊन जाते; त्यापुढे माणसाला कितीही पुढे आणा, फारसं हाती लागत नाही.

आपल्याकडच्या लग्नांत नेमकं हेच चुकतं. लॉन एवढं मोठं, झाडांवर लाइटच्या माळा सोडलेल्या, आणि जोडपं मात्र स्टेजवर फुलांच्या सजावटीला पाठ टेकून उभं. सजावट त्यांच्यामागे हातभर अंतरावर. मग भाड्याने आणलेली महागडी लेन्ससुद्धा काय करणार? त्यांना दहा मिनिटं खाली हिरवळीवर आणा, माळांची झाडं पंधरा-वीस मीटर मागे राहतील अशी उभी करा, आणि किटच्या लेन्सनेही फोटो काढून पाहा. सासरच्या मंडळींना दहा मिनिटं थोपवणं हे काम फोटोग्राफीपेक्षा अवघड आहे, ते मान्य.

पुढच्या बाजूचं गणित तर याहून उदार आहे, आणि ते फारसं कोणी वापरत नाही. विषयाच्या अलीकडे असलेली वस्तू जितकी लेन्सच्या जवळ येईल तितकी तिची चकती वाढत जाते, आणि या वाढीला वरची मर्यादा नाही. चेहरा २ मीटरवर, आणि लेन्ससमोर १० सेंमीवर एखादं पान. किटच्या १० मिमी छिद्रानेही त्या पानाची कड चेहऱ्याच्या मापाने १९ सेंमी पसरते, म्हणजे सबंध चेहऱ्याहून जास्त! पान म्हणून ते ओळखूही येत नाही, फक्त हिरवा तलम पडदा दिसतो. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत गेलात तर माणसाला झाडासमोर उभं करून समोरून फोटो काढू नका. एका झाडाआड तुम्ही थांबा, लेन्स पानांना जवळजवळ टेकवा आणि फटीतून पलीकडच्या माणसावर फोकस करा. जवळ एखादं पिकलेलं फळ असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात केशरी धग येते. ऑटोफोकस पानांवरच अडकतो, तेव्हा फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा. शहरात बाग नसेल तर झेंडूची माळ, ओढणीची किनार, काहीही चालतं.

ॲपर्चर उघडं ठेवण्याचे तोटेही सांगितले पाहिजेत. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नास एमएम, एफ/१.८, अंतर दीड मीटर असेल तर धड स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ६ सेंमीचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त भरतं. म्हणून फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. नाकावर गेला की सगळं बिनसलं. एफ/५.६ ला हा पट्टा २० सेंमीच्या आसपास जातो. दोघंजण असतील तर ॲपर्चर एफ/४ पेक्षा जास्त उघडू नका. दुसरी अडचण आपल्या उन्हाची. स्वच्छ उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर ठेवून एफ/१६ ला साधारण १/१०० सेकंद लागतो. तिथून एफ/१.८ ला आलात की शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) १/८००० च्या घरात जातो, आणि नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा शटर १/४००० ला संपतो. फोटो पांढरा फटक. एक तर सावली गाठा, नाही तर प्रकाश कमी करणारी काळपट काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावा. आठवा हिस्साच प्रकाश सोडणारा एनडी ८ पुरतो.

चकत्या मोठ्या झाल्या म्हणजे देखण्या होतातच असं नाही. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टेवाल्याजवळ कुणाला उभं करून पलीकडच्या काठावरचे दिवे मागे घेतले, तर लेन्सचा सगळा स्वभाव एका फोटोत कळतो. चकतीचा आकार हा छिद्राचा आकार. कॅननच्या जुन्या पन्नास एमएम १.८ टू लेन्समध्ये छिद्र लहानमोठं करणारी पाचच पाती होती, त्यामुळे ॲपर्चर थोडं बंद करताच दिवे पंचकोनी व्हायचे. तिच्या पुढच्या एसटीएम आवृत्तीत सात गोलसर पाती आली आणि ते थांबलं. चौकटीच्या कडेला चकत्या लिंबाच्या फोडीसारख्या निमुळत्या होतात, कारण तिरप्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सच्या नळीची कड आडवी येते. एक-दीड पायरी (एक पायरी म्हणजे प्रकाश निम्मा) ॲपर्चर बंद केलं की त्या गोल होतात. काही लेन्सच्या चकतीला कडेने उजळ रेघ असते, साबणाच्या फुग्यासारखी. दिव्यांमागे ती मजेशीर दिसते, पण मागे गवत किंवा बाभळीच्या काटक्या असतील तर प्रत्येक काडी दुहेरी होऊन डोळ्यांना टोचते. माझं मत विचाराल तर पोर्ट्रेटसाठी कडा विरघळणारी चकतीच चांगली, मग ती लहान का असेना.

जुनी लेन्स विकत घेणाऱ्यांना या चकतीचा आणखी एक उपयोग आहे. रात्री लांबचा एकच बारीक दिवा चौकटीत घ्या आणि फोकस हाताने सर्वांत जवळ आणा. दिवा फुगून मोठी चकती होईल. फोटो मोठा करून पाहा: लेन्सच्या आतली धूळ ठिपक्यांसारखी, ओरखडे रेघांसारखे, आणि पावसाळ्यात कपाटात पडून धरलेली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी त्या चकतीत उमटलेली असते. दिवसा काचेकडे बघून जे दिसत नाही ते इथे दिसतं. सौदा करण्यापूर्वी ही पाच मिनिटं खर्च करावीत.

याचंच उलटं चित्र तुम्हाला दुपारी कडुलिंबाखाली सापडेल. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण खाली जमिनीवर पडणारे कवडसे मात्र गोल. ते सूर्याचे फोटो असतात. तिथे छिद्र अगदी लहान आणि दिवा रुंद, म्हणून आकार दिव्याचा उमटतो. लेन्सच्या चकतीत दिवा लहान आणि छिद्र रुंद, म्हणून आकार छिद्राचा उमटतो. फांदी ३ मीटर उंच असेल तर कवडसा ३ सेंमीच्या थोडा आत भरतो, कारण आकाशात सूर्याची रुंदी फक्त अर्धा अंश आहे. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरी होतात.

सूर्य असा अर्ध्या अंशाचा असल्यामुळेच त्याची सावली करकरीत पडते. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या उन्हात चेहऱ्याचा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. हा कठोरपणा लेन्सने जात नाही, फिल्टरनेही नाही. त्यासाठी दिवाच मोठा करावा लागतो: जुलैतलं ढगाळ आकाश, उत्तरेची खिडकी, किंवा स्लॅबवर दोरीला बांधलेली पांढरी सुती चादर. चादर माणसाच्या जितकी जवळ, तितका प्रकाश मऊ. लोक याही गोष्टीला 'सॉफ्ट' म्हणतात, पण हा प्रकाशाचा मऊपणा झाला. फोटो यात शंभर टक्के स्पष्टच असतो.

मोबाइलचं ४ मिमीचं छिद्र चेहऱ्यासाठी फार तोकडं आहे, हे आता वेगळं सांगायला नको. म्हणून पोर्ट्रेट मोड आला. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसवर दोन कॅमेऱ्यांच्या मदतीने तो आणला, पुढच्या वर्षी गुगलने पिक्सेल २ मध्ये एकाच कॅमेऱ्यावर करून दाखवला. फोन कोणती गोष्ट किती लांब आहे याचा अंदाज बांधतो आणि मागचं सगळं हिशोबाने धूसर करतो. अंदाज चुकतो तो ठरलेल्या जागी: उडणाऱ्या बटा, चष्म्याची दांडी, कमरेवर हात ठेवल्यावर मधे राहणारी फट, झुमक्याच्या कडीतून दिसणारी भिंत. आणखी एक खूण म्हणजे मागचे दिवे. खऱ्या लेन्समध्ये प्रखर दिवा पसरूनही उजळ चकती राहतो. फोनने मूळ फोटो घेतानाच तो दिवा 'पांढरा, यापुढे नाही' एवढाच नोंदवला असेल, तर पसरवल्यावर त्याचा फिका राखाडी डाग होतो. फोनमध्ये ब्लरची पट्टी असतेच. ती अर्ध्यावर आणली तर निम्म्या चुका लपतात.

पण फोनलाही खरा ब्लर जमतो, फक्त विषय त्याच्या मापाचा हवा. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याला आंबिया बहाराची पांढरी फुलं येतात. फूल दोन-अडीच सेंमीचं, छिद्र जवळपास ४ मिमी. प्रमाण सहावा हिस्सा. पन्नास एमएमने चेहऱ्याचा फोटो काढताना जे प्रमाण होतं, साधारण तेच! फोन मुख्य कॅमेऱ्यावर ठेवा, फोकस होईल इतकं जवळ जा, दोन पट झूम करा, आणि मागची झाडं लांब राहतील असा कोन पकडा. कुठलाही मोड न लावता मागचं हिरवं विरघळतं. एक अडथळा आहे: फार जवळ गेलं की बरेच फोन गुपचूप अतिरुंद कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि त्याला 'मॅक्रो' म्हणतात. त्याचं छिद्र जेमतेम १ मिमी, आणि सगळा खेळ बिघडतो. सेटिंगमध्ये जाऊन ही उडी बंद करून ठेवा.

इथवर फोकसची बात झाली. आता ज्याला खरोखर स्वप्नाळू म्हणावं तो मऊपणा घेऊ, कारण त्याची जात पूर्ण वेगळी आहे. फोकस चुकलेल्या फोटोत पापण्या दिसत नाहीत. स्वप्नाळू फोटोत पापणी न पापणी दिसते, आणि तिच्यावर उजेडाचा पातळ थर पसरलेला असतो. म्हणजे एक स्पष्ट चित्र, त्यावर त्याच चित्राची फिकट, पसरट प्रत. स्पष्ट चित्र काढून घेतलं तर मागे राहतो तो नुसता चुकलेला फोटो.

ही दुसरी प्रत लेन्स कशी तयार करते, ते पाहायला स्टीलची रिकामी वाटी पुरेशी आहे. खिडकीतल्या तिरप्या उन्हात ती ओट्यावर ठेवा. आतल्या तळावर प्रकाशाची दोन बाकदार रेघांनी बनलेली कमान दिसेल, मधोमध टोक असलेली. वाटीची गोल भिंत सगळे किरण एका बिंदूत आणू शकत नाही. मधल्या भागावरून परतणारे किरण एकीकडे मिळतात, कडेवरून परतणारे दुसरीकडे. गोल पृष्ठाच्या काचेतही हाच दोष असतो. मधून जाणारे किरण सेन्सरवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उमटवतात आणि कडेने जाणारे त्याच्याभोवती तेज पसरवतात. लेन्स बनवणारे हा दोष काढण्यात हयात घालवतात. सॉफ्ट फोकसच्या लेन्समध्ये तो मुद्दाम ठेवलेला असतो. कॅननने १९८७ मध्ये १३५ एमएमची अशी लेन्स काढली होती. जर्मनीच्या रोडेनस्टॉकच्या इमॅगॉन लेन्समध्ये तर कडेने भोकं पाडलेली चकती बसवत, कडेचे किरण किती घ्यायचे ते ठरवायला. निकॉनने नव्वदच्या दशकात १०५ आणि १३५ एमएमच्या डीसी (डीफोकस कंट्रोल) लेन्सवर एक जादा कडी दिली. ती फिरवून हा दोष विषयाच्या पुढच्या की मागच्या धूसरपणासाठी वापरायचा ते निवडता यायचं.

यातून मिळणारी कामाची गोष्ट अशी: ॲपर्चर बंद केलं की कडेचे किरण अडतात आणि तेज विरतं. फिल्मच्या काळातली एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची जुनी लेन्स हाती आली तर ती पूर्ण उघडून वापरा. एफ/४ ला तिच्यात आणि नव्या लेन्समध्ये फारसा फरक उरत नाही.

या मऊपणाची बाजू घेणारी जुनी, नावाजलेली माणसं आहेत. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मल्या. इंग्लंडमध्ये १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांना पहिला कॅमेरा मिळाला. त्यांचे चेहऱ्यांचे फोटो मऊ, थोडे हललेले असत आणि तेव्हाच्या फोटोग्राफी मंडळांतल्या जाणकारांनी त्यांना बेफिकीर ठरवलं. पुढे पन्नासेक वर्षं अख्खा एक पंथ मऊ फोटोंच्या मागे लागला, आणि मग १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी उलटं बंड केलं. गटाचं नावच त्यांनी 'एफ/६४' ठेवलं, सर्वांत बारीक छिद्रावरून. हा झगडा अजून संपलेला नाही. आज फक्त एकीकडे मिस्ट फिल्टरवाले आहेत आणि दुसरीकडे शार्पनेस मोजणारे.

मिस्ट फिल्टर म्हणजे बारीक कण पसरलेली काच. बहुतेक प्रकाश सरळ जातो, थोडा कणांवर आपटून जरासा वळतो. टिफेनचा ब्लॅक प्रो-मिस्ट यातला सर्वांत परिचित. १/८ किंवा १/४ ताकदीचा पोर्ट्रेटला भरपूर होतो. पण हे फिल्टर फक्त तिथेच काम दाखवतात जिथे गडदाशेजारी उजेड आहे: पणतीची ज्योत, केसांच्या कडेवर मागून पडलेलं ऊन, ओल्या रस्त्यावरचे हेडलाइट. ढगाळ दुपारी सपाट उजेडात लावला तर फोटो नुसता पांढुरका होतो, आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

घरगुती उपायही जुनेच आहेत. चित्रपटवाले लेन्सवर जाळीदार मोजा ताणून बसवत. काळी जाळी पांढरीपेक्षा बरी, कारण पांढरे धागे बाजूचा उजेड पकडतात आणि काळ्या भागांवर साय धरते. ॲपर्चर मात्र मोठं ठेवा. बारीक केलं की जाळीची वीण दिसू लागते. व्हॅसलिन लावायचं तर स्वस्तातल्या यूव्ही फिल्टरवर, लेन्सच्या काचेवर कधीच नाही. 'मध्ये मोकळं ठेवा, कडेला लावा, म्हणजे चेहरा स्पष्ट आणि कडा मऊ' ही टीप सगळीकडे फिरते. ती अर्धीच खरी आहे. रुंद लेन्सवर ती चालते. पण ८५ सारखी लांब लेन्स उघड्या ॲपर्चरवर असेल तर फिल्टरचा प्रत्येक भाग सबंध चित्राला प्रकाश पुरवत असतो, त्यामुळे कडेचं व्हॅसलिन चेहऱ्यावरही उतरतं. अनेकदा तेच जास्त छान दिसतं.

तुमच्या मोबाइलवर हा फिल्टर बहुधा आधीच लागलेला आहे: बोटाचं तेल. गणपतीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओत प्रत्येक दिव्यातून जी लांब रेघ निघते ती त्याचीच. काच ज्या दिशेने पुसली असेल त्याच्या काटकोनात रेघ येते. शर्टाच्या टोकाने आडवं पुसलं तर दिवे उभे फाटतात. करून पाहा, आणि मग नीट पुसून टाका.

तिसरी वाट हवेची, आणि ती नागपुरात ऋतूनुसार बदलते. हिवाळ्यात पहाटे कस्तुरचंद पार्काच्या बाजूला तर्री पोह्याच्या ठेल्यावर वाफा उठत असतात. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर ती वाफ दिसतसुद्धा नाही. ठेल्याला वळसा घालून पलीकडे जा, सूर्य वाफेमागे घ्या, आणि त्याच्याही मागे काहीतरी गडद येऊ द्या, झाडाचा बुंधा किंवा बंद दुकान. पाण्याचे बारीक थेंब प्रकाश मुख्यतः पुढेच, म्हणजे तुमच्या दिशेने फेकतात; अचानक सगळी वाफ पेटते आणि पोहे वाढणारा हात तिच्यातून अर्धवट दिसू लागतो. अंबाझरी, गोरेवाड्याकडे डिसेंबर-जानेवारीत कधी धुकं पडलं तर कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवू नका. त्याला पांढरं धुकं राखाडी करायची खोड असते. एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी वाढवा.

पावसाळ्यात एसीतून बाहेर आलं की लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, पुन्हा धरतं. ते आपोआप विरताना मधली मिनिट-दोन मिनिटं मात्र फुकटचा मिस्ट फिल्टर असतो, तेवढ्यात दोन फोटो काढून घ्या. मेमध्ये मात्र हवेचा मऊपणा नको असतो तेव्हाच येतो. पेंचच्या जंगलात पाणवठ्यावर दुपारी वाघ बसलाय, लेन्स ६०० एमएमची, आणि एकही फोटो धारदार नाही. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा प्रकाशाला सतत वाकवत असते. याला शटर वाढवून उपाय नाही, आणि लेन्स दुरुस्तीला टाकूनही नाही. अंतर कमी करणं किंवा सूर्योदयाची सफारी घेणं, एवढंच हातात आहे. फोटो ताणून नीट करायला जाल तर पट्टे आणखी विचित्र होतात.

हालचालीबद्दल थोडक्यात. हललेला फोटो चांगला दिसायला चौकटीत एक गोष्ट ठाम स्थिर हवी. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पांढऱ्या वस्त्रांतल्या लोकांचा ओघ असतो. कॅमेरा कठड्यावर घट्ट टेकवून अर्ध्या सेकंदाचा शटर ठेवला तर स्तूप रेखीव राहतो आणि खालून पांढरा प्रवाह वाहतो. १/१५ ला माणसं हललेली पण ओळखू येणारी दिसतात, दोन सेकंदांना ती धुकं होतात. दिवसा एवढा लांब शटर ठेवायला एनडी फिल्टर लागतोच.

उरलं संगणकावरचं काम. कॅनडाचे मायकेल ऑर्टन यांनी ऐंशीच्या दशकात दोन स्लाइड एकावर एक ठेवून एक पद्धत काढली: एक स्पष्ट, दुसरी मुद्दाम फोकसबाहेरची, दोन्ही जास्त उजळ. आज तेच काम फोटोच्या प्रतीवर ब्लर लावून ती वीस-तीस टक्के मिसळून होतं. स्पष्ट चित्र अधिक पसरट प्रत, हे सूत्र तेच. फोटो सुधारायच्या लाइटरूम ॲपमध्ये क्लॅरिटीची पट्टी उणे १५ ते २५ केली तरी बरंच जवळ जाता येतं. फक्त टेक्सचरच्या पट्टीला हात लावू नका, बारीक तपशील तिच्यात असतो. फोनमधला ब्यूटी मोड नेमकं उलटं करतो. तो त्वचेची छिद्रं, गालावरची लव, पापण्यांचे टोक आधी खोडतो आणि मोठ्या सावल्या तशाच ठेवतो, म्हणून चेहरा मऊ न होता मेणाचा होतो. आजीचा फोटो काढताना तो मोड आधी बंद करा, तिला खिडकीशी बसवा, आणि सुरकुत्यांची काळजी चादरीवर सोडा.